टीईटीच्या वादात शिकणं कुठे आहे?

१ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. पहिली ते आठवीच्या वर्गांना शिकवणाऱ्या, शिक्षण हक्क कायदा येण्याच्या आधीपासून सेवेत असलेल्या शिक्षकांनाही आता टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण व्हावी लागणार. ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ आहे त्यांना दोन वर्षांची मुदत, तेवढ्यात जमलं नाही तर सक्तीची निवृत्ती. ज्यांची नोकरी पाच वर्षांहून कमी उरली आहे त्यांची नोकरी राहील, पण पदोन्नती हवी असेल तर परीक्षा त्यांनाही चुकणार नाही. तेव्हापासून शाळांच्या स्टाफरूममध्ये, संघटनांच्या बैठकांत आणि वर्तमानपत्रांच्या वाचक-पत्रांत एकच वाद चालू आहे. एक बाजू म्हणते, वीस-पंचवीस वर्षं पिढ्या घडवलेल्या शिक्षकाला पुन्हा परीक्षेच्या बाकावर बसवणं हा त्याचा अपमान आहे. दुसरी बाजू म्हणते, ज्याला स्वतःच्या विषयाची परीक्षा देता येत नाही तो मुलांना काय शिकवणार?

दोन्ही बाजू तावातावाने बोलतात, आणि दोघांच्याही बोलण्यात शिकणं कुठेच येत नाही. एकीला नोकरीची चिंता, दुसरीला गुणांची. माझं म्हणणं असं आहे की शिक्षकाने, त्यातही भाषेच्या शिक्षकाने, नोकरीच्या मध्यावर पुन्हा विद्यार्थी व्हायलाच हवं. मात्र त्याची वाट बहुपर्यायी प्रश्नपत्रिकेतून जात नाही. भाषेच्या शिक्षकाने स्वतःला मुळीच येत नसलेली एक भाषा, पहिल्या अक्षरापासून, ती जाणणाऱ्या माणसाच्या समोर बसून शिकावी. आणि शासनाने त्यासाठी वेळ मोकळा करून द्यावा. वर्गातलं मराठी सुधारायचं असेल तर याच्याइतका थेट उपाय मला दुसरा दिसत नाही.

हे मी हवेतून म्हणत नाही. अक्कलकोट तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी उच्च प्राथमिकला मराठी शिकवते. माझ्या वर्गातली निम्म्याहून अधिक मुलं घरी कन्नड बोलतात. शाळा मराठी माध्यमाची, फळ्यावर मराठी, पुस्तकात मराठी, आणि मधल्या सुट्टीची घंटा झाली की मैदानभर कन्नड. इतकी वर्षं कानावर पडूनही मला ती कामचलाऊच कळायची. शेवटी कन्नड शाळेतून निवृत्त झालेल्या एका बाईंकडे मी रीतसर शिकायला जाऊ लागले. त्यांनी पहिल्याच दिवशी पाटी समोर ठेवली. वहीवर खाडाखोड दिसते आणि माणूस लिहायला घाबरतो, असं त्यांचं मत.

देवनागरीची सवय झालेला हात कन्नड अक्षरावर अडतो. आपण अक्षर काढतो आणि वरून रेघ ओढतो. कन्नड अक्षर गोल फिरतं, त्याच्या डोक्यावरचा तलकट्टू अक्षराचाच भाग असतो, आणि जोडाक्षरातलं दुसरं व्यंजन खाली लटकतं. मराठीचं पानच्या पान नजरेखालून घालणारी बाई एका ओळीपाशी बोट ठेवून अक्षर जुळवू लागते, तेव्हा वाचन ही किती कष्टाची क्रिया आहे ते तिच्या अंगाला कळतं. सोलापूरच्या स्थानकावर विजयपूरची, कलबुर्गीची कर्नाटकाची बस लागते. पाटीवरची अक्षरं एकेक करून लावेपर्यंत बस निघालेली असते. दुसरीतलं मूल फळ्यावरचं वाक्य लावत असतं आणि बाई फळा पुसतात, तेव्हा त्याचं नेमकं हेच होत असतं.

पण कष्ट कळणं ही झाली सहानुभूतीची बाजू, आणि माझा मुद्दा तेवढ्यावर उभा नाही. शिकताना मला मिळालं ते ज्ञान, आणि तेही मराठीविषयीचं. सीमाभागातल्या मराठी शिक्षकांची एक ठरलेली तक्रार असते : ही मुलं 'गाडी आलं' म्हणतात, 'खुर्ची मोडलं' म्हणतात, कितीदा सांगा, लक्षच देत नाहीत. कन्नडमध्ये 'तम्म बंद' म्हणजे धाकटा भाऊ आला, 'तंगी बंदळु' म्हणजे धाकटी बहीण आली, आणि 'बस बंतु' म्हणजे बस आली. पुरुष पुल्लिंगी, स्त्री स्त्रीलिंगी, आणि उरलेलं सारं जग नपुंसकलिंगी. किती तर्कशुद्ध! त्या घरातून आलेल्या मुलाला आपण सांगतो की फळा तो, खुर्ची ती आणि टेबल ते. का, ते सांगता येत नाही, कारण तसं कारणच नाही. 'गाडी आलं' म्हणणारं मूल नियम मोडत नसतं. ते त्याच्याजवळ असलेला नियम प्रामाणिकपणे पाळत असतं.

'मी भाकरी खाल्लो' हे तसंच. कन्नडमध्ये 'नानु रोट्टि तिंदे' म्हणताना क्रियापद खाणाऱ्याच्या मागे जातं. मराठीत भूतकाळ आला की ते खाणाऱ्याला सोडतं आणि भाकरीच्या मागे जातं : मी भाकरी खाल्ली, मी आंबा खाल्ला, मी वरण खाल्लं. कर्मणी प्रयोग म्हणून आम्ही तो व्याकरणाच्या तासाला शिकवतो, परीक्षेत प्रयोग ओळखायला लावतो, दोन गुण देतो. पण हा प्रयोग म्हणजे मराठी बोलू पाहणाऱ्या परक्या मुलासाठी किती मोठा अडसर आहे, हे मराठीत जन्मलेल्या माणसाला कसं दिसणार? त्याला तो कधी आडवा आलेलाच नसतो. 'आपण' आणि 'आम्ही' यांचंही तेच. ऐकणाऱ्याला सोबत धरायचं की वगळायचं हा भेद आपण बोलायला लागल्यापासून पाळतो. आजच्या कन्नडमध्ये दोन्हींसाठी 'नावु'. म्हणून मूल बाईंना सांगतं, 'बाई, उद्या आम्ही सहलीला जाऊ या', आणि वर्ग हसतो.

उलट बाजूने पाहा. मराठी माणूस कन्नड शिकताना 'इल्ल' आणि 'अल्ल' यांत हमखास गोंधळतो. घरात पीठ नाही, यातलं नाही वेगळं आणि मी शिक्षक नाही, यातलं वेगळं. आपण बोलताना दोन्हीकडे 'नाही' म्हणून मोकळे होतो. ऱ्हस्व आणि दीर्घ 'ओ'मधला फरक तर आपल्या कानाला ऐकूच येत नाही. ऱ्हस्व 'ओ'चं 'कोडु' म्हणजे दे, दीर्घ 'ओ'चं म्हणजे शिंग. कन्नड बाई दहा वेळा म्हणून दाखवतात, त्यांच्या दृष्टीने फरक दिवसाढवळ्या स्पष्ट आहे, आणि समोरच्या शिकणारीला दोन्ही एकच वाटतात. मग 'जग' या शब्दातला 'ज' आणि 'जगणं'मधला 'ज' आपल्याला वेगळे ऐकू येतात, लिहिताना मात्र एकच अक्षर असतं, ते कन्नड मुलाने कसं ओळखावं? ऐकण्यातली ही अडचण मला कोणत्याही प्रशिक्षणाच्या घडीपुस्तिकेने सांगितली नव्हती. ती दुसऱ्या भाषेच्या दारात उभं राहिल्यावरच कळते.

आणखी एक गोष्ट, माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची. कन्नड लिपी देवनागरीसारखीच उच्चारानुसार चालते. अक्षरं बसली की प्रौढ माणूस कन्नड परिच्छेद मोठ्याने, बऱ्यापैकी सफाईने वाचू शकतो. अर्थ मात्र ओळीतल्या दोन-तीन शब्दांपलीकडे लागत नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, वा, किती छान वाचते! आमच्या शाळांत वाचन तपासताना काय करतात? मुलाला उभं करतात, परिच्छेद वाचायला लावतात, अडखळलं नाही की 'वाचन येतं' या रकान्यात खूण. दुसऱ्या भाषेतून आलेलं हुशार मूल हा रकाना सहज पार करतं, आणि पाचवी-सहावीत विज्ञानाचा धडा समोर आला की गप्प होतं. मग सगळे विचारतात, वाचता येणारं मूल मागे कसं पडलं? ते वाचत होतं, त्याला कळत नव्हतं. आवाजाचं वाचन आणि अर्थाचं वाचन यांतली ही फट मी स्वतःच्या तोंडून निघालेल्या कन्नड ओळींत ऐकली. त्यानंतर प्रकट वाचनावर विसंबणं मला शक्य उरलं नाही. आता मूल वाचून थांबलं की मी त्याला ते त्याच्या शब्दांत सांगायला लावते, आणि मराठीत अडलं तर कन्नडमध्ये सांगू देते. कळलंय की नाही ते तेव्हा कळतं.

आता टीईटीकडे वळते. एकशे पन्नास गुण, अडीच तास, बहुपर्यायी प्रश्न. त्यात पहिल्या भाषेला तीस गुण, दुसऱ्या भाषेला तीस. समानार्थी शब्द, समास, उताऱ्यावरचे प्रश्न, थोडी अध्यापनपद्धती. ही परीक्षा बोलायला लावत नाही, ऐकायला लावत नाही, एक वाक्यही लिहायला लावत नाही. वर मी सांगितलेल्या गोष्टींपैकी एकही तिच्यातून कळत नाही. शिक्षकाला आधीच काय येतं एवढं ती विचारते. वर्गातल्या मुलाचा प्रश्न मात्र वेगळा आहे : मला जे येत नाही ते या बाईंना दिसतं का?

तरीही परीक्षेच्या बाजूने जे बोललं जातं त्यात वजन आहे, आणि माझ्या सहकाऱ्यांना आवडो न आवडो, ते मान्य करायला हवं. शिक्षण हा मुलाचा मूलभूत हक्क आहे आणि पात्र शिक्षक मिळणं हा त्या हक्काचाच भाग आहे. टीईटीची अट २०१० पासून आहे. २०१७ च्या कायदादुरुस्तीने किमान पात्रता मिळवायला ३१ मार्च २०१९ पर्यंतची मुदत दिली होती. म्हणजे हे संकट एका रात्रीत कोसळलं असं म्हणता येत नाही. शिवाय आमच्यात असेही आहेत ज्यांनी नोकरी लागल्यापासून विषयाचं एकही नवं पुस्तक उघडलेलं नाही. पालक विचारतात, मुलाने दरवर्षी परीक्षा द्यायची आणि गुरुजींनी एकदाही का नाही? या प्रश्नाला 'आमचा अनुभव' हे उत्तर पुरत नाही. अनुभव वीस वर्षांचा असू शकतो, तसाच एकाच वर्षाचा वीस वेळा गिरवलेलाही असू शकतो.

संघटनांचं म्हणणंही तितकंच खरं आहे. ज्या नियमांनी नेमणूक झाली ते नियम पाळूनच हे शिक्षक नोकरीत आले. जनगणना, मतदार याद्या, निवडणुका, पोषण आहाराच्या नोंदी, यू-डायस या शाळांच्या सरकारी नोंदप्रणालीची माहिती, दर आठवड्याला नवी ऑनलाइन लिंक, यातून वर्गासाठी जो वेळ उरतो त्यातून आता परीक्षेची तयारीही काढायची. पन्नाशीच्या माणसाच्या डोक्यावर नोकरी जाण्याची टांगती तलवार ठेवून त्याच्याकडून चांगल्या अध्यापनाची अपेक्षा कशी करायची? भीतीपोटी माणूस गाइड पाठ करतो, आणि परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी विसरतो. हे आम्ही मुलांच्या बाबतीत रोज पाहतो.

परीक्षेच्या जोरावर शिक्षण सुधारण्याचा प्रयोग नवाही नाही. इंग्लंडमध्ये १८६२ साली शाळांचं अनुदान मुलांच्या वाचन-लेखन-गणिताच्या वार्षिक तपासणीशी बांधलं गेलं. 'निकालानुसार पैसे' या नावाने ती पद्धत ओळखली जाई. झालं काय? शिक्षक मुलांकडून ठरलेलं वाचनपुस्तक घोकून घेऊ लागले, तपासणीत जे येणार नाही ते वर्गातून हद्दपार झालं, आणि शतक संपता संपता ती पद्धत मोडीत काढावी लागली. आपल्याकडचा अनुभव याहून कटू आहे. डिसेंबर २०२१ मध्ये पुणे पोलिसांनी टीईटीतला गुणवाढीचा गैरव्यवहार उघड केला, परीक्षा परिषदेच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना अटक झाली आणि पुढच्या वर्षी साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. प्रमाणपत्रावर पोट अवलंबून असलं की प्रमाणपत्राचा बाजार उभा राहतो. यावर 'बंदोबस्त वाढवा' असं उत्तर दिलं जातं. बंदोबस्त वाढवावाच. पण कडक बंदोबस्तात दिलेली परीक्षाही 'गाडी आलं'चं कारण सांगणार नाही.

आपल्या परंपरेत शिक्षक पुन्हा विद्यार्थी झाल्याची उदाहरणं आहेत, आणि त्यांत परीक्षा कुठेच नाही. साने गुरुजींनी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात सहा वर्षं शिकवलं आणि १९३० मध्ये नोकरी सोडून सत्याग्रहात उडी घेतली. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात दक्षिणेकडच्या भाषा बोलणारे कैदी भोवती होते. मराठी मुलांचे लाडके गुरुजी तिथे त्यांच्या भाषांचे विद्यार्थी झाले. पुढे त्यांनी तिरुक्कुरळ हा प्राचीन तमिळ ग्रंथ मराठीत आणला, आणि भारतीयांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात यासाठी आंतरभारतीची कल्पना मांडली ती त्याच अनुभवातून. विनोबांनी वेल्लोरच्या तुरुंगात दक्षिणेच्या चारही भाषा अभ्यासल्या. पंडिता रमाबाईंची संस्कृतची विद्वत्ता कलकत्त्याच्या पंडितांनी 'सरस्वती' ही पदवी देऊन तरुणपणीच मान्य केली होती. त्याच रमाबाईंनी चाळिशी उलटल्यावर, केडगावचं मुक्ती सदन चालवत असताना, बायबलच्या मराठी भाषांतरासाठी हिब्रू आणि ग्रीक हाती घेतल्या. 'सरस्वती' म्हणवून घेतलेल्या बाईला नव्या लिपीची बाराखडी गिरवताना कमीपणा वाटला नाही.

ही मोठी माणसं, त्यांचं काय घेऊन बसलात, असं कोणी म्हणेल. मग हेमलकशाचं उदाहरण घ्या. डॉ. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे १९७३ मध्ये भामरागडच्या जंगलात गेले तेव्हा त्यांना तिथल्या आदिवासींची माडिया भाषा येत नव्हती. औषध होतं, ज्ञान होतं, पण कुठे दुखतंय ते विचारता येत नव्हतं. ती भाषा त्यांना रुग्णांकडूनच शिकावी लागली. वैद्यकाची पदवी घेतलेला माणूस रुग्णाची भाषा शिकतो तेव्हा आपण त्याचं कौतुक करतो. शिक्षकाने मुलाची भाषा शिकणं ही मात्र ज्याची त्याची हौस समजली जाते. मेळघाटात कोरकू, नंदुरबारमध्ये भिली आणि पावरी, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया, पालघरमध्ये वारली. यांतल्या किती शाळांत शिक्षकाची नेमणूक करताना त्याला मुलाची भाषा येते का, हे कोणी विचारतं?

जोतीराव फुल्यांनी १८८२ साली, ब्रिटिश सरकारने शिक्षणाच्या पाहणीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. त्यात प्राथमिक शिक्षक कसा असावा हे सांगताना त्यांनी अपेक्षा धरली की वेळ पडल्यास नांगर किंवा सुताराचं वाकस हाती धरायला त्याला लाज वाटू नये आणि खालच्या थरांतल्या लोकांत त्याला सहज मिसळता यावं. प्रशिक्षित शिक्षक आणि त्याला पुरेसा पगार, हेही त्यांनी मागितलं. मुलाच्या जगात शिरण्याची तयारी ही फुल्यांच्या लेखी शिक्षकाची पात्रताच होती. मुलाच्या जगाचं दार त्याच्या भाषेत असतं. आपण दीडशे वर्षांनी पात्रता मोजायला निघालो आणि नेमकी तीच अट गाळून टाकली.

माझ्या मागणीवरचा सर्वांत जोरकस आक्षेप मला एका अनुभवी मुख्याध्यापकांनी घेतला. ते म्हणाले, 'मॅडम, वैद्याला रोग कळण्यासाठी स्वतः आजारी पडावं लागत नाही. चांगला वैद्य अभ्यासाने होतो. तसाच चांगला शिक्षकही अध्यापनशास्त्राच्या अभ्यासाने होईल.' आक्षेप खरा आहे, आणि तो मी हसण्यावारी नेत नाही. दुसरी भाषा न शिकताही उत्तम शिकवणारे शिक्षक मी पाहिले आहेत. पण वैद्याने शरीर बाहेरून, तटस्थपणे अभ्यासलेलं असतं. मातृभाषा शिकवणाऱ्याने ती अभ्यासायच्या आधीच आत्मसात केलेली असते. ती त्याला कधीच परकी दिसलेली नसते, आणि जे परकं दिसत नाही त्यातली अवघड जागा सापडत नाही. मराठीत एम. ए. केलेला शिक्षक संतसाहित्यावर तासभर बोलेल. 'मी खाल्ली' आणि 'मी गेले' यांत क्रियापद कोणाच्या मागे जातं आणि का, असं एखाद्या परक्या मुलाने विचारलं तर त्याला थांबावं लागेल. परदेशी विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवण्याचं लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजचं जे प्रमाणपत्र आहे, त्यात 'अनोळखी भाषा' हा एक सक्तीचा घटक असतो. होऊ घातलेल्या शिक्षकाला मोजके तास एक अजिबात न येणारी भाषा शिकवतात आणि त्या अनुभवाची नोंद ठेवायला लावतात. ज्यांचा भाषा शिकवण्याचा जगभर व्यवसाय आहे त्यांना याची गरज वाटते. आपल्या डी. एड., बी. एड.ला ती का वाटू नये?

दुसरा आक्षेप असा की हा प्रश्न सीमाभागातला आहे, पुण्या-मुंबईच्या शिक्षकाला कन्नड शिकून काय करायचंय? पण मी कन्नडचाच आग्रह धरलेला नाही, आणि प्रश्न सीमेपुरता उरलेलाही नाही. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. हा कायदा मला हवाच होता. पण त्यामुळे घरी हिंदी, गुजराती, तमिळ, उर्दू बोलणारी असंख्य मुलं मराठीच्या वर्गात आली आणि त्यांच्यापुढे उभा राहिला तो मातृभाषा म्हणून मराठी शिकवण्याचं प्रशिक्षण घेतलेला शिक्षक. दुसरी भाषा म्हणून मराठी शिकवणं हे वेगळं शास्त्र आहे. ते ज्याने कधी अनुभवलं नाही त्याच्या हातात आपण कायद्याचं यश सोपवलं आहे. मग 'मराठीचा तास कंटाळवाणा असतो' असं ती मुलं म्हणाली की दोष मराठीद्वेषाला द्यायचा?

२०२५ च्या उन्हाळ्यातला तिसऱ्या भाषेचा वादही याच खड्ड्यात अडकला. १६ एप्रिलला पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय निघाला, जूनमध्ये तो बदलला, २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले गेले. पहिलीच्या मुलांवर तिसरी भाषा लादण्याला माझा विरोध होता आणि आहे. पण त्या गदारोळात भाषा कोणती आणि कितव्या इयत्तेपासून यावर रान उठलं. शिकवणार कोण आणि त्याला भाषा शिकवणं येतं का, हे मागेच राहिलं. जूनच्या निर्णयात तर हिंदीऐवजी दुसरी भाषा हवी असेल तर वर्गातली किमान वीस मुलं हवीत, शिक्षक नसेल तर ऑनलाइन शिकवावं, अशी सोय होती. सहा वर्षांच्या मुलाने पडद्यासमोर बसून नवी भाषा शिकायची, असं कागदावर लिहिणाऱ्याने स्वतः नवी भाषा शेवटची कधी शिकली असेल?

वेळेचा आक्षेप राहिला. तो मी पूर्ण मान्य करते. हे काम आजच्या कामांवर आणखी एक म्हणून लादलं तर त्याचाही कागद होईल. पण वेळ मुळातच नाही असं नाही. राष्ट्रीय शिक्षण धोरणाने प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी सांगितले आहेत. हे तास आज कसे जातात ते सगळ्यांना माहीत आहे : मोबाइलवर व्हिडिओ चालू, शेवटी प्रश्नमंजुषा, आणि प्रमाणपत्र डाउनलोड. बारा आणि चोवीस वर्षांनंतर वरिष्ठ आणि निवड श्रेणीचं प्रशिक्षण असतं, तेही बहुतेकांच्या लेखी वेतनवाढीची पायरी. यातला निम्मा वेळ भाषाशिक्षकाला एक अनोळखी भाषा शिकायला द्या. शेवटी परीक्षा नको, गुण नकोत, वेतनवाढीशी सांगड नको. ती घातली की हाही बाजार होईल. काय अडलं, कशाने सुटलं, याची शिक्षकाने स्वतःसाठी ठेवलेली वही पुरे. आणि ज्यांना खोलवर जायचं आहे त्यांच्यासाठी सोय आधीपासून आहे. म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेची प्रादेशिक केंद्रं गेल्या पाच दशकांपासून सेवेतल्या शिक्षकांना दहा महिने दुसरी भारतीय भाषा शिकवत आली आहेत. त्यासाठी राज्यांनी शिक्षकांना प्रतिनियुक्तीवर पाठवायचं असतं. यातलं पश्चिमेचं केंद्र तर आपल्या पुण्यात आहे. टीईटीवर बोलणाऱ्या एकाही नेत्याच्या किंवा अधिकाऱ्याच्या तोंडी मी या केंद्रांचं नाव ऐकलेलं नाही.

तोवर टीईटी द्यावी लागेल तर आम्ही देऊ. मीही फॉर्म भरणार आहे. नोकरी आहे, घर आहे, न्यायालयाचा मान आहे. पण ती उत्तीर्ण झाले म्हणून कोणी मला अधिक चांगली शिक्षक समजू नये, आणि नापास झालेल्या एखाद्या सहकाऱ्याला घरी पाठवताना त्याने आदल्या वर्षी पहिलीच्या मुलांना कसं बोलतं केलं होतं हे विसरू नये.

आमच्या भागात सुरुवात करायला मोठ्या निर्णयाचीही गरज नाही. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, जत या तालुक्यांत जिल्हा परिषदेच्या मराठी आणि कन्नड शाळा शेजारी-शेजारी आहेत, काही गावांत उर्दू शाळाही आहेत. दर महिन्याला केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद भरते, सगळे शिक्षक एका शाळेत जमतात आणि बराच वेळ सूचना उतरवून घेण्यात जातो. त्यातला एक तास कन्नड शाळेच्या शिक्षकांनी आम्हाला कन्नड शिकवावी, पुढच्या महिन्यात आम्ही त्यांना मराठी, त्याच्या पुढच्या महिन्यात उर्दूच्या सरांनी आम्हा सगळ्यांना अलिफ-बे. सूचना व्हॉट्सॲपवरही येतातच. केंद्रप्रमुखांनी होकार दिला तर येत्या परिषदेपासून हे सुरू करता येईल, पाट्या आम्ही आणू.